कुणाला बघून पदर घेतीस?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, ऐंशी सालाच्या आगेमागे. आम्ही निपाणीच्या कडेला, बोरगावच्या रस्त्यालगत राहत होतो. मालक बेळगावला कारखान्यात कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

दिवसभर आम्ही दोघी पडवीत बसून विड्या वळायचो. सावली चांगली म्हणून समोरच्या घरातली आक्का आणि आणखी तीन बायका आपापलं सूप घेऊन आमच्याकडेच यायच्या. त्या भागात ख्रिस्ती घर आमचं एकटंच, पण त्यावरून कधी कुणी बोललं नाही. बोलायचं ते बाकीच्या जगाबद्दल. सगळ्या बोलायच्या, हसायच्या, मी मात्र गप्प. चौघींत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

एकदा पानं कोरडी पडली होती. कात्री लावली की फाटायची. मी वैतागून मनात म्हटलं, "प्रभू, बघ की, एक पान धड न्हाय." आणि माझ्या शेजारी कोणीतरी बसून ते ऐकतंय असं मला वाटलं. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. आपण पाठमोरे बसलेले असलो तरी घरात आपलं माणूस आलेलं कळतं ना, तसं कळलं. मला इतका आनंद झाला की हातातल्या विडीला दोरा बांधायचाच राहिला.

त्यानंतर मला राहवेना. सकाळी डोळे उघडले की पहिलं त्याच्याशी बोलायचं. आमटी खारट झाली तर सांगायचं. आक्कानं एखादी गंमत सांगितली की सगळ्या हसायच्या आणि मी तीच गंमत पुन्हा त्याला सांगायचे. जणू त्यानं ऐकलीच नव्हती! आत्यांवर रागावले आणि तक्रार घेऊन गेले तर मात्र तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यावरूनच मला माझी चूक कळायची आणि मी उठून आत्यांना चहा करून द्यायचे. तोपर्यंत देव म्हणजे रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पांढऱ्या साडीत, पाळकसाहेबांच्या मागून म्हणायची प्रार्थना. आता तो माझ्या सुपापाशी बसत होता. सूप मांडीवर घ्यायची मला रोज घाई व्हायची.

आमच्यात बाई उघड्या डोक्यानं प्रार्थना करत नाही. लहानपणी मी विसरले की आई टपली मारायची. ते अंगात भिनलेलं. त्यामुळे त्याच्याशी बोलायला लागले की माझा हात आपोआप पदराकडे जायचा. बोटं तंबाखूनं भरलेली, म्हणून मनगटानं पदर डोक्यावर ढकलायचा. काम करता करता तो घसरायचा. पुन्हा काही सांगायचं आठवलं की पुन्हा वर. पण आपल्याकडे सून रस्त्याकडे तोंड करून झटकन पदर घेते ती सासरा किंवा थोरला दीर येताना दिसला तर. माझे सासरे वारलेले आणि मालकांना थोरला भाऊ नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बायकांच्या मात्र आलं. मी पदर घेतला की आक्का मान वळवून रस्त्याकडे बघायची.

"कोण आलं गं?"

"कोण न्हाय, आक्का."

असं चार-पाच वेळा झालं. मग एका दुपारी सायकलची घंटी वाजवत पाववाला गेला आणि नेमका त्याच वेळी माझा हात पदराकडे गेला.

"आता कळलं!" आक्का ओरडली. "पाववाला गेला की हिचा पदर वर!"

"गालात हसती बी," दुसरी म्हणाली.

"पाव एक दिवस घेतला न्हाय, पदर तेवढा रोज घेती!"

सगळ्या खो खो हसल्या. सांगायचं तरी काय? 'देव आलाय' असं? वेड लागलंय म्हणाल्या असत्या. मी मान खाली घालून पानं कापत राहिले आणि तिथंच गडबड झाली. गप्प राहिले म्हणजे खरंच असणार, असं झालं. दोन दिवसांनी नळावर गेले तर घागरी भरणाऱ्या बायका मला बघून बोलायच्या थांबल्या. आक्कानं आत्यांना बाजूला घेऊन सांगितलेलंही मी ऐकलं, "पोराच्या कानावर घाल बाई. बाहेरनं कळण्यापरास घरातनं कळलेलं बरं."

शनिवार उजाडला. मालक यायचे होते. दुपारी सगळ्या जमल्या आणि आत्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"पोरगा सांजच्याला येतोय. त्याच्या आधी मला कळाय पायजे. समद्यांच्या पुढं सांग. कुणाला बघून पदर घेतीस?"

मी मनात म्हटलं, "प्रभू, आता तूच काय ते बघ." आणि म्हणता म्हणता माझं मनगट वर गेलं, पदर डोक्यावर!

"बघा, बघा! घेतला!" आक्का किंचाळली. सगळ्यांच्या माना एकदम रस्त्याकडे वळल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाववाला कधीच गेलेला. त्या पाचही जणी माना ताणून मोकळ्या रस्त्याकडे बघत होत्या आणि मला हसू फुटलं. त्या हसण्यातच तोंड उघडलं.

"देवाला," मी म्हणाले.

"कुठं हाय?" आक्कानं विचारलं.

"हितंच की. आत्ता बोलली मी त्याच्यासंगं."

"आणि काय बोलतीस गं दिवसभर?" दुसरीनं विचारलं.

"समदंच. आत्यांचं गुडघं दुखत्यात, ते सांगितलं. आक्का लई हसवतीया, ते बी सांगितलं."

"माझं नाव घेतलंस?" आक्का सावरून बसली. "आणि काय काय सांगितलंस माझं?"

आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं नाव चारचौघींत घेतलं होतं आणि मला पडवीभर नाचावंसं वाटत होतं.

मग आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"रोज हितं येऊन बसतोय म्हणतीस, आणि मला आज सांगतीस व्हय? अंगणात शेरडाच्या लेंड्या, पडवीत पानांचा कचरा! काय म्हणत असंल तो? ऊठ, खराटा आण!"

मी आणायच्या आधी त्यांनीच आणला. बायका पाय वर घेऊन बसल्या. आक्का सूप उचलून इकडून तिकडे व्हायला लागली.

"कुठल्या अंगाला बसलाय ते तरी सांग बाई. माझी पाठ त्याच्याकडं नको."

संध्याकाळपर्यंत अंगण सारवून झालं, चुलीवर चांगला भात चढला. मालक पिशवी घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले.

"आज कोण यायचंय काय, आये?"

"यायचंय न्हवं, आलाय," आत्या म्हणाल्या. "चपला भाइर काढ."

त्यांनी चपला काढल्या आणि पाहुणा कुठं दिसतो म्हणून घरभर बघत राहिले. मी चुलीपुढून हाक मारली, चांगली मोठ्यानं, "हितं या, मी सांगते!"