आयते ओरखडे

हौसेने घेतलेली माझी इलेक्ट्रिक गिटार नवीकोरी आहे, पण जुनी दिसावी म्हणून कारखान्यातच तिचा रंग खरवडलेला आहे. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला वापरलेली दिली." ओरखडे मुद्दाम पाडतात, हे सांगताना मलाच लाज वाटली. त्यातून गिटार चाळीस वर्षं वाजल्यासारखी दिसते आणि मी वाजवली की कालच घेतल्यासारखी ऐकू येते.

खंडेनवमीला आईने गिटार विळी आणि शिलाई मशीनशेजारी पूजेला मांडली आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. उघड्या लाकडात कुंकू मुरलं. ते निघेना, आणि मीही फार घासलं नाही. तिच्या अंगावर खरोखर घडलेलं तेवढंच.

परवा एक जाणकार मित्र गिटार निरखून म्हणाला, "ओरखडे अगदी अस्सल आहेत. हा लाल डाग तेवढा नकली वाटतो."