पोदेराचा भोंगा

गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास चोपड्यात आमच्या दारी सायकलवरून पाव विकणारा एक पोदेर यायचा. हात एवढा थरथरायचा की भोंगा एकदा दाबला तरी पाचदा वाजे.

रक्त कमी म्हणून तो महिनोन्‌महिने लोहाचं टॉनिक प्यायला. गुण काही येईना. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करतेय, रक्तही त्यामुळेच कमी, म्हणून गोळ्या दिल्या.

"मास्तर, रगत गळ्यांत तयार जाता काय कितां?" त्यानं विचारलं.

शाळेत शरीरशास्त्र शिकवणारा मी आधी 'नाही' म्हणालो, मग 'असेलही' म्हणालो.

काही महिन्यांनी एका सकाळी भोंगा एकदाच, ठणठणीत वाजला. दुसराच कोणी पोदेर समजून मी दार उघडलंच नाही.