पोटाखालून गेलेला पट्टा

"बाळाचे ठोके नीट आहेत. पण वार सुटत नाहीये ना, हे मी आत्ता छातीठोकपणे सांगू शकत नाही. उद्यापर्यंत थांबावं लागेल."

जळगावच्या हॉस्पिटलात, पोटावर सोनोग्राफीचा गार जेल पसरलेला असताना डॉक्टरबाई हे बोलल्या. मला सातवा महिना होता. तासाभरापूर्वी आमची गाडी केळी भरलेल्या ट्रॉलीवर आदळली होती.

त्या ज्याला भीत होत्या त्याला प्लॅसेंटल अबरप्शन म्हणतात. बाळाला ज्या वारेतून प्राणवायू आणि अन्न मिळतं, ती वार गर्भाशयापासून वेळेआधीच सुटते. जोराच्या धक्क्यानंतर असं होऊ शकतं, कधी लगेच, कधी काही तासांनी. बाहेरून पोट जसंच्या तसं दिसतं. म्हणून हे लिहितेय. पोटुशी असताना गाडीला धक्का बसला आणि काहीच दुखत नसलं, तरी दवाखान्यात जाच.

मी सासूबाईंसोबत धुळ्याहून माहेरी रावेरला निघाले होते. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. गाडी त्याच चालवत होत्या आणि त्या चांगली चालवतात. माझा नवरा नितीन नरडाण्याच्या कारखान्यात आहे, त्याला सुट्टी नव्हती.

निघताना माझ्या आईचा फोन आला होता. "पट्टा नको लावू गं, पोटावर आवळला तर?" मलाही ती धास्ती होतीच. पण धुळ्याच्या डॉक्टरांनी मागच्या तपासणीत खुर्चीवर बसवून दाखवलं होतं. खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, कमरेच्या दोन्ही हाडांवर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. आणि सीट जमेल तितकी मागे. अक्कांनी निघण्याआधी स्वतः वाकून माझा पट्टा खाली सरकवला.

भुसावळ मागे पडल्यावर रावेरच्या रस्त्याला शेतातून केळीची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर एकदम वर आला. अक्कांनी ब्रेक दाबला. मग आवाज. पांढरी एअरबॅग, फटाक्यासारखा वास, गाडीभर धुरळा. मला वाटलं, आग लागली.

"घाबरू नको माय, मी शे ना," अक्का म्हणत होत्या. त्यांचे दोन्ही हात एअरबॅगने खरचटून लाल झाले होते. माझा दरवाजा बाहेरून केळी भरणाऱ्या बायकांनी उघडला. साध्या हाताने उघडला. पुढचं सगळं चेपलेलं आणि दरवाजा मात्र रोजच्यासारखा उघडतोय, याचं नवल मला तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मी फक्त पोट धरून बसले होते. बाळ हलत नव्हतं.

अँब्युलन्समध्ये ते हललं. एकदाच, उजव्या बाजूला. अक्कांनी माझा चेहरा पाहून ओळखलं आणि त्या रडायला लागल्या.

हॉस्पिटलात माझ्या पोटाला दोन पट्टे बांधून सीटीजी लावलं. हे यंत्र एकाच कागदावर बाळाचे ठोके आणि गर्भाशयाचं आवळणं अशा दोन रेघा काढतं. खालची रेघ मधूनमधून उंच उठायची, तेव्हा पोट दगडासारखं व्हायचं. कळा येत होत्या. बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून मला इंजेक्शन दिलं. पोटावर शिशाचा जाड एप्रन टाकून खांद्याचा एक्स-रे काढला. डावीकडचं क्लॅव्हिकल, म्हणजे गळपट्टीचं हाड, मोडलं होतं.

नर्सने गाऊन बाजूला केला आणि मी पहिल्यांदा माझं अंग पाहिलं. डाव्या खांद्यापासून छातीच्या मधून उजव्या कुशीपर्यंत एक जांभळा पट्टा उमटला होता. दुसरा खाली, कमरेच्या हाडांवर. दोन्हींच्या मध्ये गोल पोट, आणि त्यावर ओरखडासुद्धा नाही.

डॉक्टरबाईंनी दोन्ही खुणा नीट तपासल्या. मग अक्कांना जवळ बोलावून म्हणाल्या, "याला सीट बेल्ट साइन म्हणतात, पट्ट्याचा वळ. तो पोटावर दिसला की आम्हाला आत इजा झाल्याची भीती असते. बघा, इथे कुठून गेलाय. सगळा भार हाडांनी घेतलाय."

हॉस्पिटलात आल्यापासून अक्का एकच वाक्य म्हणत होत्या, "मन्हा हातथी हाई व्हयनं." माझ्याच हातून झालं हे. डॉक्टरबाईंचं ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

संध्याकाळी नितीन आला. आधी तो भुसावळच्या पुढे जाऊन गाडी बघून आला होता. माझ्यापाशी बसून तो गाडीबद्दलच बोलत राहिला. दुसरं काही बोलायला गेला असता तर रडला असता, हे मला कळत होतं.

"पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो गं. धक्का तो स्वतः खातो. पण आपण बसतो तो पिंजरा घट्ट ठेवतात, त्याचा पत्रा कुठे वाकलेला नाही. आणि पट्टा. आदळताक्षणी त्याने तुला आधी मागे ओढून घेतलं, मग हळूच थोडं सैल सोडलं. तेवढ्यात एअरबॅग तयार."

"हळूच?" मी खांद्याकडे बोट दाखवलं.

"हळूच," तो म्हणाला. "नाहीतर बरगड्या राहिल्या नसत्या."

मी पडल्या पडल्या त्यावर विचार करत राहिले. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे सगळं एकामागून एक, न चुकता घडून गेलं होतं, आणि मला नुसता एक आवाज आठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची रेघ सपाट झाली. पुन्हा सोनोग्राफी केली. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "वार जागेवर आहे. आणि हे बघा, अंगठा चोखतंय."

दिवस भरल्यावर रावेरला मुलगी झाली. धुळ्याला परत निघायच्या दिवशी नितीनने मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवली, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून. आईला ते मुळीच पटेना. "एवढासा जीव! मांडीवर घे ना."

"मांडीवर नाही राहणार, आई," मी म्हटलं. "धक्का बसला की हातांचं बळ पुरत नाही, मी पाहिलंय. आणि तिची मान अजून कच्ची आहे, डोकं जड. उलटी बसवली की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो."

अक्का मागे बाळाशेजारी बसल्या. त्यांनी आधी स्वतःचा पट्टा लावला, मग बाळाच्या पट्ट्यात दोन बोटं घालून तो सैल नाही ना ते पाहिलं. गाडी हलली तशी पोरगी झोपली.

"इतलुसं पोर, त्याना मापनं बी कोणी बनाडं व्हई?" त्यांनी विचारलं. एवढ्याशा पोराच्या मापाचंही कोणी बनवलं असेल?

नितीन सांगू लागला, की बाळाच्या वजनाचे, बाळासारख्याच मानेचे पुतळे बनवतात. त्यांना गाडीत बसवून गाडी भिंतीवर आदळतात. काय मोडलं ते बघतात, सुधारतात आणि पुन्हा आदळतात.

कुठल्या देशातले, कोण, आमचं नावही माहीत नसलेले लोक पुन्हा पुन्हा एक बाहुली भिंतीवर आपटून तिची मान तपासत होते.

अक्कांनी एक हात बाळाच्या पायावर ठेवला, दुसरा कपाळाला लावला.

"त्या मानसंले देव सुखी ठेवो," त्या म्हणाल्या.