खोक्यातला मांडव

मी मुळातच उतावळी. अकोल्याच्या एका मोबाइलच्या दुकानात डोळ्यांना बांधायचं ते काळं खोकं मी पहिल्यांदा लावलं आणि थेट समुद्राच्या तळाशी पोचले. पुढच्या खोबणीत मोबाइल अडकवलेला, आत दोन भिंगं, बाकी काही नाही. पण मान वळवली की समुद्रही वळायचा. एक मासा अंगावर आला, मी हात मारला, तो दुकानदाराच्या चष्म्याला लागला. त्याची माफी मागायच्या आधी मी खोक्याचा भाव विचारला.

टीव्हीसारखे हे व्हीआर हेडसेट घरोघरी येणार, असं तो दुकानदार सांगत होता. मला तर परतीच्या एसटीत बसल्या बसल्या केनवडच्या आमच्या फोटो स्टुडिओसमोर रांग दिसायला लागली.

त्या रांगेची गरजही तशीच होती. जो तो आपल्या मोबाइलवर फोटो काढायचा, आमच्याकडे यायचा तो फक्त पासपोर्ट साइजसाठी. माझ्या दिराला तो गाळा खताच्या पोत्यांसाठी हवा होता आणि नवऱ्याने त्याला शब्द दिला होता, लग्नसराई संपली की बोर्ड उतरवतो. तो स्टुडिओ आम्ही दोघांनी मिळून उभा केलेला. मागचा निळा पडदा मी स्वतः शिवलेला. तिथे युरियाची पोती पडणार या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

नवऱ्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "एकदा पाह्यलं का झालं मानसाचं. दुसऱ्यांदा कोन येईन?"

बाजाराच्या दिवशी मी स्टुडिओच्या दारात खुर्ची टाकली. काय गर्दी झाली! उंचावरून सुटणाऱ्या गाडीत बसल्यासारखं दिसायचं, तर एका आजोबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरून देवाचा धावा केला आणि खोकं काढल्यावर आधी पायातल्या वहाणा आहेत का ते पाहिलं. मी दिवसभर हवेत होते. पुढच्या बाजाराला तीच माणसं समोरून गेली, हसली, आमी पाह्यलं ना ते, म्हणाली आणि भाजी घ्यायला निघून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धंदा बसला म्हणून नाही, नवरा खरा ठरला म्हणून.

पण मी हार मानणारी नव्हे. माणूस पुन्हा पुन्हा काय पाहतो, याचा विचार करत बसले. मासे नाही, गाड्या नाही. माणूस आपल्या घरचं लग्न पाहतो, सीडी झिजेपर्यंत पाहतो. मग लग्नच त्या खोक्यात का घालू नये? मी पुन्हा अकोला गाठलं आणि त्याच दुकानदाराकडून चारी बाजूंचं एकदम टिपणारा दोन डोळ्यांचा छोटा कॅमेरा मागून आणला. मेडशीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं काम आमच्याकडे होतंच. घरासमोर मांडव, मांडवाच्या कडेला तुळशीवृंदावन. मी फोटो काढायचे आणि नवऱ्याने तो नवा कॅमेरा सांभाळायचा, असं ठरलं.

घरी येऊन मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फोटोग्राफर जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहतो, तसा माझा नवराही सवयीने मागे उभा होता. पण या कॅमेऱ्याला मागची बाजूच नव्हती. समोर मंगलाष्टकं चाललेली आणि मागे वळलं की हा बाबा निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय! तो खर्रा त्याने माझ्यासमोर दिवाळीलाच सोडलेला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हे कोणाला दाखवू नको, म्हणाला, आणि दिराला गाळ्याची किल्ली द्यायच्या गोष्टी करायला लागला.

काही दिवसांनी नवरीची आई अल्बम न्यायला आली. माझ्याच्याने राहवलं नाही. नवरा डोळ्यांनी नको नको म्हणत असताना मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पदरावरूनच खोक्याचा पट्टा बांधला.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी बाई सावरून बसली. आमच्याकडे लग्न लागताना नवरीच्या आईने ते पाहायचं नसतं. ती मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत बसते. माझी आईही माझ्या लग्नात तशीच बसली होती. इतकी लग्नं टिपली मी, पण माझा कॅमेरा कायम नवरा-नवरीकडे. पाठमोऱ्या बाईकडे मी तो कधी वळवला नव्हता.

'सावधान' ऐकताच तिने रिकामी मूठ उचलली आणि समोर अक्षता टाकल्या.

मग ती मान वळवायला लागली. माझा नवरा भिंतीला चिकटला. पण खर्रा घोटणाऱ्यावरून तिची मान पुढे सरकली आणि तुळशीपाशी थांबली. तिथे हिरव्या लुगड्यातली एक पाठ, हातात तांब्या. बराच वेळ ती तिकडेच तोंड करून होती. मग हळू आवाजात म्हणाली, "फिर ना वो माय इकडे. पाह्य एकदा. किती साजरी दिसून राह्यली आपली पोरगी."

मी सरळ रडले. मला लाज वाटली नाही.

पुढे ती खोकी बाजारातून गेली. घरोघरी काही आली नाहीत, अकोल्याच्या त्या दुकानदारानेही नाद सोडला. आमच्या स्टुडिओत मात्र ते खोकं अजून आहे, पट्टा दोनदा बदललेला, आणि बोर्डही जागेवर आहे. दिराची पोती त्याच्याच गोठ्यात आहेत. नवरीच्या आया येतात, एकीचं ऐकून दुसरी येते.

पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. मी डोळे पुसून पट्टा सोडायला गेले, तर बाईने खोकं दोन्ही हातांनी डोळ्यांशी धरून ठेवलं.

"काढू नको," ती म्हणाली. "अजून एकदा लाव."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीपासून सुटा झाला, पुढे आला आणि त्याने स्वतःच्या हाताने ते लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं.