वन्संना कळू द्यायचं नाही

इस्त्री अशी करायची की घडीच्या कडेनं भाजी चिरावी, म्हणून अख्खी गल्ली तिला घडीवहिनी म्हणायची. बस आगाराच्या मागच्या रस्त्यावर तिची छोटी लॉन्ड्री, आणि नवरा त्याच आगारात मिस्त्री. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता आणि बेचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले. त्या सकाळी ती देवापुढे बसली, पोटभर रडली, आणि आभार मानायला हात जोडले तर डोळ्यांपुढे आलं वन्संचं तोंड. देवाच्या दारात वैरी आठवू नये म्हणतात. पण आठवला, त्याला ती तरी काय करणार?

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिला घरातले सगळे मागून रेडिओ म्हणत, कारण त्या तोंडाला बंद करायचं बटणच नव्हतं. फार पूर्वी वन्संना मुलगा झाला, तेव्हा घडीवहिनीनं बाळ घ्यायला हौसेनं हात पुढे केले, तर भरल्या खोलीत ही बाई म्हणाली, "राहू दे गं, तुझे हात सोड्याचे." हाताचा सोडा पाण्यानं जातो. वन्सं तिच्या रिकाम्या कुशीबद्दल बोलल्या ते खोलीतल्या लहान पोरांनाही कळलं होतं. वहिनीनं कपाटात ठेवणीतलं वस्त्र ठेवावं तसे ते शब्द ठेवून दिले.

आता बातमी सांगायला दोघं वन्संकडे जेवायला गेली, तर वन्संनी वाढता वाढता सुरू केलं, "अगं बाई, या वयात? लोकांना नातवंडं होतात या वयात! ते काही नाही, आधी ती रक्ताची तपासणी करून घे. उशिराच्या मुलांमध्ये काय काय निघतं."

नवरा घास चावत म्हणाला, "करणारच गं ताई. काही निघालंच तर मोकळं होता येईल."

वहिनीचा घास हातातच राहिला. घरी येताना रस्त्यात तिनं विचारलं, "मोकळं कोण होणार होतं? तुम्ही?"

"अगं, ताईसमोर काहीतरी बोलावं लागतं."

"ताईसमोर बोललात. माझ्याशी कधी बोलणार होता?"

पुढे कितीतरी दिवस तिनं तपासणीचं नाव काढू दिलं नाही. देवानं दिलंय, देव बघेल, एवढंच म्हणायची. पण इस्त्री शर्टावर थांबून राहायची आणि जळका वास आला की भानावर यायची. भीती काही वन्संनी शिकवलेली नव्हती, ती तिची स्वतःचीच होती. मूल ठेवायचं हे तिनं पहिल्या दिवशीच देवाला सांगून टाकलं होतं. फक्त बाळाला जास्तीचं काही लागणार असेल, तर दुकान कुणाच्या भरवशावर टाकायचं, कुठल्या डॉक्टरकडे पळायचं, हे आधी कळायला हवं होतं. वन्सं सांगतात म्हणून करायचं नाही, आणि वन्सं सांगतात म्हणून टाळायचंही नाही, असं ठरवून एक दिवस तिनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि एकटीच दवाखाना गाठला.

तिथल्या समुपदेशक मुलीनं नीट समजावलं, "तुमच्याच दंडातलं रक्त घ्यायचं, त्यात बाळाचाही अंश असतो. बाळाला धोका नाही. पण हा अंदाज असतो, शंभर टक्के निकाल नव्हे. शंका आली तर मग पोटातलं पाणी सुईनं काढून बघावं लागतं, त्यात थोडा धोका आहे. ते तेव्हा ठरवू." आणि मग विचारलं, "निकाल कुणाला कळवू? मिस्टरांचाही नंबर लिहू?"

मघापर्यंत वहिनीच्या मनात तसलं काही नव्हतं. पण त्या प्रश्नानं कपाटाचं दार उघडलं.

"मला. एकटीला," ती म्हणाली.

निकाल आला तेव्हा ती ओली चादर पिळत होती. काळजीचं काही दिसत नाही, असं त्या मुलीनं फोनवर सांगितलं. वहिनी मागे गेली, टांगलेल्या कोटांच्या रांगेत उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून हात जोडले. मग बाहेर आली आणि चादर पुन्हा पिळायला घेतली. कुणाला अवाक्षर बोलली नाही.

"आला का गं निकाल?" नवरा रोज विचारायचा. रक्त देऊन आले, शंका आली तर पोटात सुई घालतात, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं.

"कळेल," ती म्हणायची. जेवताना 'मोकळं' म्हणाला होता ना, आता त्यालाही जरा बसू दे अडकून.

रेडिओला मात्र शांतता सोसेना. सांगत नाही म्हणजे नक्की वाईटच निघालं, असं वन्संनी स्वतःशी ठरवलं आणि गल्लीभर प्रसारण केलं. गिऱ्हाइकं पडेल चेहऱ्यानं येऊ लागली. एक बाई तर काउंटरवर डोळे पुसत म्हणाली, "देव परीक्षा बघतो हो."

"बघू दे की. तुमचा कोट मंगळवारी मिळेल," वहिनी म्हणाली, आणि ती बाई वळताच पदरात तोंड घालून हसली.

शेवटी वन्सं स्वतः आल्या. नेहमीप्रमाणे फुकट धुवायचं गाठोडं बरोबर होतंच. "मला तरी सांग. मी काय परकी आहे?"

"कपडे धुऊन देते की, वन्सं. पण हात सोड्याचे आहेत. चालतील ना?"

वन्संचा चेहरा उतरला. "अगं बाई! इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

"तुम्ही विसरलात, म्हणून मला ठेवावं लागलं."

वन्सं गाठोडं उचलून चालत्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा रेडिओ मुकाट गेला.

त्याच संध्याकाळी नवरा ग्रीसनं माखलेल्या हातांनीच घरात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ताईकडे जाऊन आलो. सांगून टाकलं, मूल कसंही असो, आमचं आहे. आणि त्या दिवशी जेवताना बोललो, ते बोलायला नको होतं. तू निकाल सांगू नकोस हवं तर. पण माझ्यासाठी म्हणून ती सुई टोचून घेऊ नकोस."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती.

"निकाल चांगला आहे," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात आलाय."

तो मटकन खुर्चीवर बसला. "मागच्या महिन्यात? पाना पडला तरी मी दचकत होतो गं आगारात!"

"मी तुमच्या ताईकडच्या त्या जेवणापासून दचकतेय."

तो उठला आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागला. हात स्वच्छ निघाले तरी धूतच राहिला. वहिनीला वाटलं होतं, हे सांगताना काळीज गार होईल. थोडं झालंही. पण त्याची ती वाकलेली पाठ तिला बघवेना. तरी माफी काही तिनं मागितली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. वन्संचा. नवऱ्यानं ओल्या हातानं उचलला, पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "नाही गं ताई, अजून काहीच कळलं नाही. हो ना, फार उशीर लावतात. तू देवाचं नाव घे." आणि ठेवून दिला.

मग बायकोकडे न बघताच विचारलं, "झालं समाधान?"

"नाही. बाळ हातात येईपर्यंत वन्संना हेच सांगायचं."

त्यानं दोरीवरचा टॉवेल ओढला, हात पुसले आणि म्हणाला, "बरं."