विहिरीतल्या तिघी आणि नलूताई

नलूताई माणसाला आधी हुंगत आणि मग बोलत. मी पहिल्यांदा फुलांची पुडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी पुडीला हातही लावला नाही. मान पुढे काढली, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "शी! कालची शेवंती हाये, वरून पाणी मारलं. आन् तू डोक्याले तेल लावलं तेही खवट." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोन पावलं मागे सरले. त्या म्हणाल्या, "पळतं काहून? उद्या ताजी आण. तेल बदलव."

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. बडनेऱ्याच्या पुढे माझ्या वडिलांचा फुलांचा मळा, तिथला माल अमरावतीच्या बाजारात जायचा. लग्न होऊन अकोल्याला आले आणि फुलांचंच दुकान टाकलं. आता नवऱ्याच्या कामामुळे तिरुपूरला कपड्याच्या कारखान्यात बाह्या शिवते. इथं मराठी वाचणारं कोणी नाही. मला दोन ओळी धड लिहिता येतात त्या नलूताईंमुळे, म्हणून हे लिहिताना भीती वाटते, की कागदाला खवट वास आला तर त्या वरूनही नाक मुरडतील.

अकोल्यातल्या एका जुन्या बोळात त्या एकट्या राहत. वडील वकील होते, ताईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. शाळेत पुस्तकी बोलत असतील, घरी मात्र पक्क्या वऱ्हाडी. हात इतक्या वेळा धुवायच्या की बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. लोकांना त्या तिरसट वाटत. चहात साय दिसली तर कप खाली. कोणी बोलता बोलता दात कोरले तर त्या उठून आत जात. एकदा शेजारच्या रत्नाकाकूंनी पाहुणे येणार म्हणून माठात गुलाबपाणी टाकलं. ताईंनी ग्लास नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर मोरीत ओतला.

"पाण्याले वास नसते, रत्ने. चांगला असो का घाण, वास आला म्हंजे पाण्यात काहीतरी सडून राहिलं."

"गुलाब हाये तो, नलूताई!"

"गुलाबही सडतेच ना वं."

याच नलूताई एका स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तीन बहिणींची गोष्ट लिहीत. दर आठवड्याला एक भाग. आमच्याकडे विहिरीत, डोहात साती आसरा राहतात असं मानतात. सात बहिणी, पाण्याच्या देवी. ताईंच्या गोष्टीत विहिरीत लोकांनी इतका कचरा टाकला, की चौघी ओकाऱ्या काढत नदीकडे निघून गेल्या, आणि उरलेल्या तिघींनी बडनेरा स्टेशनच्या मागे भाड्यानं खोली घेतली. थोरलीनं इस्त्रीचं दुकान टाकलं, मधली पेट्रोल पंपावर लागली, धाकटी ब्युटी पार्लरमध्ये. तिघींचे केस कधी वाळत नसत. बसल्या जागी ओलं व्हायचं. आणि खोटं बोलणाऱ्या माणसाच्या अंगाला त्यांना पोतेऱ्याचा वास यायचा, त्यामुळे माणसांत राहणं म्हणजे त्यांना रोजची शिसारी. घरमालकीण भांडायला येई, "बाई, तुमच्याच खोलीत ओल कशी येते?" थोरली म्हणे, "आमी आलो तशी आली. आमी गेलो का मग तुमच्या नळालेही येणार नाही."

ताईंचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला धरलं. "शेवंते, दुपारी दुकानात माश्याच मारतं ना? मग लिहून घे." मी म्हटलं, ताई, मी सातवी. त्या म्हणाल्या, "आसरा तर बालवाडीतही नाही गेल्या. बस." पहिल्या दिवशी माझी एक ओळ वाचून त्यांनी असं तोंड केलं, की जणू झुरळ चावलं. पण पान फाडलं नाही. परत लिहायला लावलं. आठ महिन्यांनी एकदा पान नाकाशी नेऊन म्हणाल्या, "हं. नाही येत वास." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद.

ताईंनी त्या गोष्टीत एकच चूक केली. बहिणींची मूळ विहीर म्हणून त्यांनी आपल्याच बोळातली विहीर लिहिली, खुणेसकट. कडेला उंबर, एक पायरी तुटलेली. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अख्खा बोळ त्या विहिरीवर जगायचा. पाणी एवढं स्वच्छ, की पडलेली घागर तळाशी दिसे.

गोष्ट छापून येत होती त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण मंदा डेंग्यूनं अमरावतीच्या दवाखान्यात पडली. फोनवर आई नुसती रडायची. मला दुकान सोडून लगेच निघता येईना. मी रोज दुपारी ज्या बहिणींची गोष्ट लिहून घ्यायची, त्या कागदावरच्या आहेत हे मला ठाऊक होतं. तरी भर दुपारी, बोळ झोपलेला पाहून, मी हिरव्या खणात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या बांधल्या आणि ओटी विहिरीत सोडली. म्हटलं, तुम्ही बहिणी आहात, माझी बहीण राखा.

मंदा वाचली. औषधानं वाचली असणार. पण मी मूर्खासारखी दुकानावर सांगत सुटले, की बोळातल्या आसरांना ओटी भरली म्हणतात कोणी तरी, अन् गुण आला म्हणतात. स्वतःचं नाव तेवढं खाल्लं. पुरवणी वाचलेल्या बायका आधीच हळहळत होत्या, की बिचाऱ्या तिघी परक्या घरात राहतात. महिन्याभरात रांग लागली. गोष्टीत ज्यांना लोकांनी घाण टाकून हाकललं, त्यांना परत बोलवायला लोक नारळ टाकू लागले, दहीभात टाकू लागले, कुंकवाच्या प्लास्टिकच्या पुड्या, निंबं, वेण्या. त्यातल्या निम्म्या वेण्या माझ्या दुकानातल्या. मी विकत होते.

पाणी आधी हिरवट झालं, मग त्यावर तेलकट साय धरली. दह्याची बुरशी काठाला चिकटली. नारळ फुगून फुटले आणि आतून पांढरं पांढरं तरंगू लागलं. बादली वर काढली की दोराला बुळबुळीत काहीतरी लोंबायचं. दोन घरांत मुलांना हगवण लागली. तरी रत्नाकाकू म्हणायच्या, "देवीच्या पाण्यात काहून किडे होतीन, बाप्पा! मनात घाण असन त्यालेच दिसते." आणि तेच पाणी गाळून भांड्यात भरायच्या.

ताईंनी दारादारात जाऊन सांगितलं, की गोष्ट मी लिहिली, त्या बाया मी माझ्या डोक्यातून काढल्या. लोक त्यांच्याच पाया पडले. म्हणाले, देवीनंच तुमच्याकडून लिहून घेतलं. ताई घरी येऊन कोपरापर्यंत हात घासत बसल्या. "माह्या पायाले हात लावला ना एकीनं, त्याच हातानं ती नाक शिंकरून आली होती, शेवंते. शी, शी, शी!"

शेवटी त्यांनी पंप लावून विहीर उपसायला माणसं आणली. अख्खा बोळ पदर नाकाला लावून उभा. जे वर आलं ते उंबराखाली ढीग करून ठेवलं. काळा झालेला भात, फुगलेले खण, केसांच्या गुंत्यासारख्या कुजलेल्या वेण्या, त्यात वळवळणारे किडे. दोन बायका बाजूला जाऊन ओकल्या. ताई म्हणाल्या, "तुमचंच हाये ना? श्रद्धेनं टाकलं ना? मंग ज्याचं त्यानं उचला." कोणी हललं नाही. टाकताना जे हात पुढे होते ते सगळे पदरात.

तेवढ्यात ताई वाकल्या. ढिगाच्या वर, विहिरीत सगळ्यात आधी पडलेला म्हणून सगळ्यात शेवटी निघालेला, एक हिरवा खण होता. त्याला केळीच्या सोपटाचा दोरा. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलटी बसते. ती गाठ ताई रोज सकाळी आपल्या फुलांच्या पुडीवर सोडायच्या. त्यांनी खण उचलला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. नंतर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोळासमोर माझं नाव घेतील. मी बोलायला हवं होतं. मी पदर नाकावर आणखी घट्ट धरला.

त्यांनी नाव घेतलं नाही. ज्या बाईला चहातली साय चालत नसे, तिनं तो गळणारा खण दोन्ही हातांनी उचलून पाटीत ठेवला. मग दुसरा. मग तो भात, ओंजळीनं. कोपरावरून काळं पाणी ओघळत होतं. ओकारी दाबून त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा माझे पाय हलले. मी पदर खोचला आणि बाकीचं भरू लागले. बोळातल्या बायका म्हणाल्या, "शेवंता किती गुणाची!" त्या शब्दाची मला किड्यांपेक्षा जास्त किळस आली.

संध्याकाळी ताईंनी मला शेवटचा भाग सांगितला. तिघी खोली रिकामी करतात, ओल पुसून काढतात, चावी देतात आणि निघतात. मी विचारलं, "कुठं गेल्या लिहू?"

"काही लिहू नको. पत्ता देला का लोक नारळ घेऊन जातात."

मी पेन खाली ठेवलं. "ताई, तो खण..."

"मंदी बरी हाये ना?"

"हाये."

"मंग झालं. पण शेवंते, हे बोळाले तूच सांगशीन. मी नाही सांगणार. तुह्या अंगाचा वास मले येते, त्यायले येत नाही, म्हणून तू वाचली."

मी मान हलवली. सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी आम्ही तिरुपूरला आलो. दुकान मंदाला दिलं. ताईंना आजारपणात भाचीनं अमरावतीला नेलं आणि तिथंच त्या गेल्या. मला तीन दिवसांनी कळलं. मी मशीनवर बसले होते, बाही उलटी जोडली गेली.

गेल्या आठवड्यात मंदानं फोनवर फोटो पाठवला. विहिरीच्या कठड्यावर नलूताईंची तसबीर. तिला झेंडूचा हार, पुढे समई, एक नारळ, बाजूला रांगेत तीन बायका. आणि खाली तिचा निरोप, "ताई, पाह्य, तुह्या नलूताईले लोकं किती मानून राहिले!"

मी फोन लावला.

"मंदे, ती तसबीर काढ तिथून."

"काहून? दुकानाची गर्दी हटत नाही, ताई. लोकं म्हणतात, त्या चौथी बहीण होत्या."

"पाण्यात कोणी काही टाकते?"

"नाही वं! उगी दोन फुलं. श्रद्धा हाये लोकांची."

मग मी तिला सगळं सांगितलं. ओटी, गाठ, ढीग, गुणाची शेवंता. म्हटलं, आज बोळात जाऊन सांग, की पहिली ओटी शेवंतानं टाकली होती आणि मंदा सलाइननं वाचली. रत्नाकाकूला आधी सांग. ती म्हणाली, "लोकं तुले शिव्या देतीन."

"देऊ दे. आता विहिरीवर जाय, एक बादली काढ. मी फोन धरून हाओ."

रहाटाचा आवाज आला. बादली कठड्यावर टेकल्याचा आवाज आला.

"हुंग."

"नाही येत वास."

"नीट हुंग, मंदे. नाक खाली ने."

बादलीची कडी वाजली. "घाण नाही येत, ताई. उलट चांगला येऊन राहिला. गुलाबाचा."

"म्हंजे वास येतेच. सांगायले आत्ताच जाय," मी म्हटलं. "आन् जाताना ती बादली ओतून दे."