डोंबिवली लांब पडते

मी मेलबर्नला निघाले तेव्हा बाबा विमानतळापर्यंत सोडायला आले होते. गाडी ठाण्यात शिरली तसं त्यांनी खिडकीकडून तोंड फिरवलं. ठाणं आलं की ते नेहमी असंच करायचे. कारण शैलाकाकू.

काकू ठाण्याच्या नौपाड्यातल्या. मुलासाठी मला बघायला डोंबिवलीला आमच्या घरी आल्या, आईच्या नारळाच्या वड्या दोनदा मागून घेतल्या आणि जिन्यात बाबांना म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो, पण डोंबिवली लांब पडते."

नौपाड्याहून, लोकलने जेमतेम अर्धा तास! मुलाचं मला काडीचंही दुःख नव्हतं. पण पेढ्यांचा पुडा हातात धरून जिन्यात उभे राहिलेले बाबा मी विसरले नाही. ते "असू दे गं" म्हणाले. मी नाही असू दिलं.

तुम्ही मागे राहिलेले फोनवर विचारता, मेलबर्न किती लांब? दहाएक हजार किलोमीटर. सिंगापूरला विमान बदलायचं, अख्खा दिवस जातो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे ट्रॅममध्ये बसून व्हिडिओ कॉल करत होते. लांब पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही मी काकूंनाच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग इथल्या गणपतीत त्यांचा मुलगा भेटला. माझं आडनाव बदललेलं, केस कापलेले, त्याने ओळखलं नाही. आई भारतात परत चाललीय, एकटीला विमान बदलायची भीती वाटते, तुम्ही जाताच आहात तर सोबत न्याल का, म्हणाला. मी इतक्या पटकन हो म्हटलं की त्याला संशय यायला हवा होता.

विमानात काकू समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघून सारख्या विचारायच्या, अजून किती राहिलं? मी प्रेमाने सांगायचे, उशी द्यायचे. आईला वड्या करून ठेवायला सांगितलं होतं, कोणासाठी ते मात्र नाही.

मुंबईत टॅक्सीवाल्याला म्हटलं, आधी डोंबिवली, शीळफाट्यावरून.

"अगं, ठाणं आधी येतं ना?"

"येतं ना, काकू. पण आई-बाबा वाट बघतायत. चहा घेऊन जाऊ."

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये त्या पाय चोळत बसल्या. आमच्या जिन्यात आल्यावर थबकल्या, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात दार उघडून बाबा बाहेर आले. मी मेलबर्नपासून जे वाक्य घोकत आले होते, ते माझ्याआधी बाबाच बोलले, अगदी शांतपणे.

"या. डोंबिवली लांब पडली असेल ना तुम्हाला."

काकूंनी मान खाली घातली. आत आल्या, पण वडीला हात लावला नाही. दमलेल्या होत्या, पाय सुजलेले होते. मला जराही दया आली नाही, आजही येत नाही.

त्यांना घरी सोडायला बाबा स्वतः माझ्याबरोबर गाडीत बसले. ठाणं आलं तशी त्यांनी काच खाली केली आणि बघत राहिले. बरंच बदललंय की, म्हणाले.

विमान सकाळीच उतरलं होतं, पण मी घरी पोचले ती त्या क्षणी.